ठेका संपतो, आजार संपत नाही



"कामावरून कमी केले" हे तीन शब्द कागदावर लिहायला ठेकेदाराच्या मुकादमाला अर्धा मिनिट लागत नाही. बहुतेक वेळा तो लिहीतही नाही. "उद्यापासून येऊ नको" एवढेच तोंडी सांगतो. त्या एका वाक्याने कामगाराची रोजी जाते, हे सर्वांना दिसते. त्याच वाक्याने त्याच्या बायकोचे डायलिसिस, आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि मुलाचे दम्याचे औषध यांच्यावरही गदा येते, हे मात्र कोणाच्याच हिशेबात धरलेले नसते. तो हिशेब आज मांडायचा आहे.

आमचे म्हणणे सरळ आहे. विम्याची वर्गणी कामगाराच्या घामाची असते. ती त्याने किती वर्षे भरली, यावर त्याचा उपचाराचा हक्क ठरला पाहिजे. आज त्याचे नाव कोणाच्या मस्टरवर आहे, यावर तो ठरता कामा नये. मस्टर मालकाच्या हातात असते. म्हणजे सध्या कामगाराच्या औषधाची बाटलीही मालकाच्याच हातात आहे.

आपल्याला आहे, शेजाऱ्याला नाही

हा विषय वाचताच आपल्यातील पुष्कळ सभासद म्हणतील, की यात आमचा काय संबंध? कायम रेल्वेमाणसाला रेल्वेचे इस्पितळ आहे. निवृत्तीनंतर १९९७ च्या योजनेत शेवटच्या महिन्याच्या मूळ पगाराइतकी रक्कम एकदाच भरली, की नवरा-बायकोला आयुष्यभर उपचार मिळतो. टपाल खात्यात सी.जी.एच.एस. आहे. निवृत्ताने दहा वर्षांची वर्गणी एकदम भरली, की जन्माचे कार्ड मिळते. जिथे सी.जी.एच.एस. नाही, तिथे निवृत्तांना ठरावीक वैद्यकीय भत्ता आहे. हे सगळे संघटनेने झगडून मिळवलेले आहे, कोणी दान दिलेले नाही.

पण त्याच प्लॅटफॉर्मवर पाहा. गाडीचे डबे धुणारा, चादरी-पांघरुणे देणारा, पार्सल चढवणारा, पिट लाइनवर घाण उपसणारा माणूस आता बहुतांशी ठेक्याचा आहे. त्याच टपाल कार्यालयात पाहा. टपालाच्या थैल्या वाहणारी मोटार ठेक्याची, झाडूवाला ठेक्याचा. आणि खेड्यापाड्यात ऊन-पावसात टपाल पोचवणारा ग्रामीण डाक सेवक तर धड खात्याचा धरला जात नाही आणि धड बाहेरचाही नाही, सी.जी.एच.एस. त्याला नाही. ज्या जागांवर कालपर्यंत आपले कायम खलाशी, सफाईवाले, हमाल होते, त्याच जागांवर आज ही माणसे आहेत. काम तेच, धूळ तीच, पाठीचे दुखणे तेच. फक्त कार्ड बदलले.

ठेक्याच्या या माणसांपैकी ज्यांची नोंद झाली आहे, त्यांच्याकडे राज्य कामगार विम्याचे, म्हणजे ई.एस.आय.चे कार्ड असते. ते कार्ड नोकरी गेल्यावर किती दिवस चालते, हे आपल्यातील किती पदाधिकारी सांगू शकतील? म्हणून आधी कायदा समजून घेऊ.

कायदा काय देतो

कर्मचारी राज्य विमा कायदा १९४८ चा. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना सुरू झाली, आणि १९५४ मध्ये ती नागपूर-मुंबईकडे आली. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि हा जुना कायदा तिच्या पोटात गेला. तरी योजनेचा पाया तोच आहे. कामगाराच्या पगारातून काही टक्के, मालकाकडून काही टक्के, आणि त्या बदल्यात कुटुंबाला औषधोपचार व आजारपणात रोख मदत.

जुलै २०१९ पासून वर्गणीचा दर असा आहे: कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. म्हणजे १५,००० रुपये पगारावर महिन्याला ६०० रुपये जमा होतात. दहा वर्षांत हे ७२,००० होतात. मालक म्हणतो, त्यातील मोठा वाटा माझा. पण तो वाटाही मजुरीच्या खर्चातच धरलेला असतो आणि ठेक्याच्या दरात वसूल केलेला असतो. तेव्हा ती सगळी रक्कम कामगाराच्या श्रमाचीच आहे.

आता नोकरी गेल्यावर काय होते ते पाहा. तीन दारे आहेत.

पहिले दार लाभकाळाचे. १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळात भरलेल्या वर्गणीचा लाभ पुढील १ जानेवारी ते ३० जूनपर्यंत मिळतो. १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळातील वर्गणीचा लाभ १ जुलै ते ३१ डिसेंबर. त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असली पाहिजे. समजा एखाद्याला एप्रिलपासून नियमित वर्गणी भरल्यावर ऑगस्टअखेर काढले. त्याचे ७८ दिवस भरलेले आहेत. तेव्हा नोकरी नसतानाही त्याचे कार्ड पुढच्या जूनअखेरपर्यंत, म्हणजे दहा महिने चालले पाहिजे. किती कामगारांना हे ठाऊक आहे? "तुझे काम सुटले, कार्ड बंद" असे मुकादमाने सांगितले, की बिचारा दवाखान्याची पायरी चढत नाही. हक्क असून सावकाराकडे जातो.

पण तोच माणूस एप्रिलमध्ये लागला आणि दोन महिन्यांतच काढला गेला, तर ७८ दिवस भरत नाहीत आणि त्या सहामाहीचा लाभ हातचा जातो. महिन्याला २६ दिवस धरले तर ७८ म्हणजे बरोबर तीन महिने. ठेक्याची मुदत कधी सुरू करायची आणि कधी संपवायची हे साहेब आणि ठेकेदार ठरवतात. दवाखान्याचे दार कधी बंद होणार हेही मग तेच ठरवतात.

दुसरे दार राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचे. ती १ एप्रिल २००५ पासून आहे. कारखाना बंद पडला किंवा कायदेशीर कपात झाली, तर बेकारी भत्ता मिळतो, आणि भत्ता चालू असेपर्यंत स्वतःला व कुटुंबाला उपचारही मिळतो. सुरुवातीला मुदत सहाच महिने होती, ती वाढत वाढत २४ महिन्यांपर्यंत गेली. पहिल्या वर्षी पगाराच्या ५० टक्के, दुसऱ्या वर्षी २५ टक्के. ही वाढ आपोआप झालेली नाही. कामगार संघटनांनी दर बैठकीत रेटा लावला तेव्हा झाली.

तिसरे दार अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेचे, १ जुलै २०१८ पासूनचे. यात बेकारीत जास्तीत जास्त ९० दिवस मदत, आणि तीही जन्मात एकदा. आरंभी दर पगाराच्या २५ टक्के होता. २०२० च्या टाळेबंदीत देशभर मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा सरकारला जाग आली आणि दर ५० टक्के झाला. त्याआधी अर्ज मालकामार्फत यावा लागे. ज्याने काढले त्याच्याच सहीसाठी त्याच्याच दारात उभे राहायचे! ती अटही तेव्हाच सैल झाली.

चौथे दार, ज्याला कुलूप आहे

चौथे दारही आहे, आणि आमचे भांडण तिथेच आहे.

या कायद्यात अशी तरतूद आहे, की पाच वर्षे विमा भरलेला कामगार निवृत्त झाला, किंवा त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर महिना १० रुपयांप्रमाणे वर्षाचे १२० रुपये आगाऊ भरून त्याला व त्याच्या जोडीदाराला उपचार चालू ठेवता येतो. वर्षाला १२० रुपये! कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सुटलेल्यालाही याच दराने निवृत्तीच्या वयापर्यंत सोय आहे. चांगली तरतूद आहे. तिचे श्रेय द्यायला आम्ही कचरत नाही.

मग या यादीत कोण नाही? ज्याला मालकाने काढले तो नाही. ज्याने स्वतःच्या सहीने नोकरी सोडली, पैशांचे पाकीट घेतले, त्याच्यासाठी दार उघडे आहे. ज्याने नोकरी सोडली नाही, ज्याला धक्का मारून बाहेर काढले, त्याला बेकारी भत्त्याचे महिने संपले की बाहेर. मग त्याने पाच वर्षे भरलेली असोत की पंचवीस.

हा न्याय कोणत्या तराजूतला? ४८ वर्षांच्या कामगाराला कपातीत काढले, तर त्याला दुसरी नोकरी मिळणे कठीण. मधुमेह, रक्तदाब, गुडघे यांची सुरुवात याच वयात होते. म्हणजे ज्या दिवसापासून त्याला विम्याची खरी गरज, त्या दिवसापासून विमा नाही. वीस वर्षे धडधाकट असताना त्याच्याकडून वर्गणी घेतली, आणि आजारी पडायची वेळ आली तेव्हा "तुमचा मालक कोण?" असे विचारले. २०२० च्या संहितेनेही ही यादी वाढवलेली नाही.

आणि दुसऱ्या दारालाही एक चोरकडी आहे. औद्योगिक विवाद कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती करून असे घातले गेले, की ठरावीक मुदतीचा करार संपला आणि तो पुढे वाढवला नाही, तर ती "कपात" समजायची नाही. नव्या औद्योगिक संबंध संहितेनेही मुदतीच्या नोकरीची मुदत संपणे कपातीतून वगळले आहे. आता विचार करा, ठेक्यावरच्या माणसाला कपातीचे पत्र कधी मिळते का? त्याचा तर "ठेका संपला". कपात नाही म्हणून बेकारी भत्ता नाही, आणि भत्ता नाही म्हणून त्यासोबतचा उपचारही नाही. त्याच्या वाट्याला फार तर ९० दिवसांचे तिसरे दार. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

एक उदाहरण

आमच्या विभागातील एका डेपोत डबे धुणारा एक कामगार होता. एकाच पिट लाइनवर अकरा वर्षे काम. या अकरा वर्षांत तीन ठेकेदार बदलले. प्रत्येक ठेकेदाराने त्याची नव्याने नोंद केली, त्यामुळे त्याचे तीन विमा क्रमांक झाले. तिसऱ्याचा ठेका संपला आणि नव्या ठेकेदाराने निम्मीच माणसे घेतली. हा राहिला बाहेर. घरी पत्नीचे आठवड्यातून दोनदा डायलिसिस.

दवाखान्यात सांगितले, की या क्रमांकावर शेवटच्या महिन्यांची वर्गणी दिसत नाही. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसत होती. पैसे भरलेले नव्हते. जुन्या दोन क्रमांकांवरची वर्षे कोणी धरायला तयार नाही. म्हणजे कागदोपत्री हा अकरा वर्षांचा कामगार नवखा ठरला. संघटनेने पत्रे लिहिली, विमा निरीक्षकाला आणले, ठेकेदाराची अनामत रक्कम अडकवली, तेव्हा चार महिन्यांनी थकलेली वर्गणी भरली गेली. पण डायलिसिस चार महिने थांबत नाही. त्या काळात त्याची गावाकडची अर्धा एकर जमीन गहाण पडली ती पडलीच.

यात ठेकेदाराला शिव्या देऊन मोकळे होता येणार नाही. १९४८ च्या कायद्याने ठेक्याच्या माणसाची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मुख्य मालकावर टाकली होती. त्याने ती भरावी आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावी. मालकाने वर्गणी न भरल्यामुळे कामगाराचा लाभ बुडत असेल, तर महामंडळाने लाभ द्यावा आणि रक्कम मालकाकडून वसूल करावी, असे त्याच कायद्याचे कलम ६८ सांगत होते. म्हणजे कायद्याने कामगाराला वाऱ्यावर सोडले नव्हते. खिडकीवर बसलेल्यांनी सोडले. आणि बिल पास करणाऱ्या साहेबाने वर्गणीची पावती न पाहता सही केली.

जुना अनुभव विसरू नका

हे आज घडते आहे असे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर लाखभराहून अधिक लोक परत गिरणीत जाऊ शकले नाहीत. तेव्हा बेकारी भत्ता नव्हता आणि त्याला जोडलेला उपचारही नव्हता. लाभकाळ संपला की परळच्या विमा रुग्णालयाचे दार गिरणी कामगाराला बंद. कापसाच्या धुळीने भरलेली छाती गिरणी बंद झाली म्हणून मोकळी होत नाही. खोकला घेऊन माणूस कोकणात, घाटावर गेला आणि गावच्या वैदूच्या हवाली झाला.

१९९१ साली नवे आर्थिक धोरण आले. त्याच डिसेंबरात इंदूरची हुकुमचंद मिल बंद पडली. तिथल्या कामगारांच्या थकबाकीचा निकाल लागून पैसे सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. बत्तीस वर्षे! त्यात किती मराठी घरे होती हे इंदूरच्या आपल्या बांधवांना विचारा. घेण्याची रक्कम बत्तीस वर्षांनी तरी मिळाली. पण त्या बत्तीस वर्षांतले आजार उधारीवर थांबले नव्हते.

१९९२ मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी निघाला. नाव होते कामगारांना नवे शिक्षण, नवे काम देण्याचे. पैसा गेला मुख्यतः स्वेच्छानिवृत्तीवर, ज्याला साहेब लोक "गोल्डन हँडशेक" म्हणत. टपालाच्या आपल्या बांधवांना बी.एस.एन.एल.चे उदाहरण जवळचे आहे, कारण ते एकाच घरातून वेगळे झालेले भाऊ. ३१ जानेवारी २०२० रोजी तिथल्या ७८ हजारांहून अधिक लोकांनी एका दिवसात स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांना वैद्यकीय सोय राहिली, आणि ती राहायलाच हवी होती. पण त्याच काळात केबलच्या खड्ड्यात उतरणारे, एक्स्चेंज झाडणारे ठेक्याचे मजूर महिनोन् महिने पगाराविना राहिले आणि कमी झाले. त्यांच्या हाती काय पडले? एकाच छपराखाली राबलेल्या दोन माणसांपैकी एकाला उपचार, दुसऱ्याला नारळ.

तीन पळवाटा आणि त्यांची उत्तरे

या मागणीवर समोरून तीन उत्तरे येतात. ती नीट तपासू.

पहिले: "पैसा कुठून आणायचा?" हे ऐकून हसू येते. २०१९ मध्ये महामंडळाची गंगाजळी फुगली आहे असे पाहून वर्गणीचा दर साडेसहा टक्क्यांवरून चारवर आणला. मालकाचा दीड टक्का वाचला, कामगाराचा एक टक्का. म्हणजे शिल्लक होती म्हणूनच दर उतरवला ना? त्या शिल्लकीतून कपात झालेल्यांचा उपचार चालवा, असे त्या वेळी कोणाला सुचले नाही. मालकाला सूट द्यायला पैसा आहे आणि काढलेल्या कामगाराच्या इन्शुलिनला नाही, हे गणित आम्हाला मान्य नाही. शिवाय २०२४ मध्ये महामंडळाने ठरवले, की पगाराची मर्यादा ओलांडल्यामुळे योजनेबाहेर गेलेल्या काही निवृत्तांनाही उपचार द्यावा. चांगले केले. म्हणजे मनात आणले तर दार रुंद करता येते.

दुसरे: "खाजगी मेडिक्लेम घ्या, तो बरोबर नेता येतो." २०१५ च्या अर्थसंकल्पी भाषणात तत्कालीन अर्थमंत्री अरुण जेटली यांनी कामगाराला ई.एस.आय. किंवा खाजगी आरोग्य विमा यांतून निवड द्यावी असे सुचवले होते. कामगार संघटनांनी कडाडून विरोध केला आणि तो बेत तिथेच राहिला. कंपनीचा गट मेडिक्लेम हा नोकरी सुटली की संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येते हे खरे, पण हप्ता वयाप्रमाणे आणि सगळा स्वतःच्या खिशातून. अमेरिकेत यासाठी १९८५ चा कायदाच आहे. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाकडून काढलेल्या माणसाला साधारण १८ महिने जुना विमा चालू ठेवता येतो. मात्र मालकाचा वाटा धरून संपूर्ण हप्ता, वर दोन टक्के खर्च, असे १०२ टक्के त्यानेच भरायचे. पगार शून्य आणि हप्ता शंभराच्या वर! त्या कायद्याचे लघुनाव "कोब्रा" आहे, ते उगाच नसावे. आम्हाला हा नाग दारात नको आहे. आमच्याकडे १२० रुपयांची तरतूद आधीच आहे. ती फक्त काढलेल्या कामगारालाही लागू करा.

तिसरे: "आयुष्मान कार्ड आहे ना." २०१८ ची ती योजना कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार देते, पण रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजची साखरेची गोळी, दम्याचा पंप, महिन्याची रक्ततपासणी यांना तिथे जागा नाही. गरीब माणूस अंथरुणाला खिळेपर्यंत थांबावा आणि मग त्याला उचलून न्यावे, ही ती रचना. ई.एस.आय.मध्ये पॅनेल डॉक्टरपासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळी साखळी आहे. तिची दुकाने आज मोडकळीला आली आहेत, औषधे मिळत नाहीत, रांगा मोठ्या आहेत, हे आम्हीही जाणतो. त्यावर इलाज दुकान दुरुस्त करण्याचा आहे. गिऱ्हाइकाला हाकलून देणे हा इलाज नव्हे.

आपल्याच सभासदांना चार शब्द

आता थोडे घरातले बोलू. "ठेक्याच्या माणसांचे प्रश्न ठेक्याच्या माणसांनी पाहावेत" असे आपल्या शाखा सभांतून ऐकू येते. हे बोलणाऱ्याला मला १९७४ च्या मे महिन्याची आठवण द्यायची आहे. त्या संपात ज्या रेल्वेमाणसांना कामावरून काढले, त्यांचे पगाराबरोबर क्वार्टर गेले, पास गेला, इस्पितळाचा हक्क गेला. त्यांना परत घ्यायला १९७७ चे सत्तांतर यावे लागले. आजही नियम तोच आहे. रेल्वेमाणसाने राजीनामा दिला तर निवृत्तांची वैद्यकीय योजना त्याला नाही. म्हणजे आपले कार्डही नोकरीच्याच खिळ्याला टांगलेले आहे. खिळा मजबूत आहे म्हणून आपल्याला फरक पडत नाही, एवढेच.

आणि तो खिळा किती दिवस मजबूत राहील? आपल्या किती जणांची मुले कायम नोकरीत लागली? आपला मुलगा मुदतीच्या करारावर आहे, सून ठेक्यावर आहे, जावई एजन्सीमार्फत आहे. शेजाऱ्याचा म्हणून जो प्रश्न आपण टाळतो, तो आपल्याच ओसरीवर येऊन बसला आहे.

शाखांनी काय करावे

प्रत्येक शाखेने पुढील कामे याच महिन्यात हाती घ्यावीत:

१. आपल्या डेपो, स्टेशन, टपाल कार्यालयातील ठेक्याच्या प्रत्येक माणसाचा विमा क्रमांक वहीत उतरवून घ्या. क्रमांक एकच आणि तो जन्मभराचा; नवा ठेकेदार नवा क्रमांक काढत असेल तर तिथेच अडवा.

२. दर महिन्याला वर्गणी जमा झाली का ते तपासा. सहामाहीत ७८ दिवस भरले की नाही याची नोंद ठेवा.

३. ज्याला काढले त्याने तोंडी निरोपावर घरी जाऊ नये. लेखी मागावे. लेखी नसेल तर बेकारी भत्त्याचा दावा लंगडा पडतो. देत नसतील तर शाखेने त्याच दिवशी पत्र देऊन पोच घ्यावी.

४. ले-ऑफ आणि कपात यांत गल्लत करू नका. ले-ऑफमध्ये नाव मस्टरवर राहते आणि निम्मा मोबदला मिळतो. १९४८ च्या कायद्याने ले-ऑफच्या पैशालाही वेतनच मानले होते. "ले-ऑफ आहे, वर्गणी कशाला" असे मालक म्हणाला तर त्याला हे दाखवा.

५. काम सुटलेल्याला लाभकाळ मोजून तारीख लिहून द्या, म्हणजे दवाखान्यात तो मान खाली घालून परतणार नाही.

आमच्या मागण्या

पाच वर्षे विमा भरलेल्या कोणत्याही कामगाराची नोकरी त्याच्या मर्जीविरुद्ध गेली, तर नवी नोकरी मिळेपर्यंत त्याला व त्याच्या कुटुंबाला वर्षाला १२० रुपयांतच उपचार मिळाला पाहिजे. "ठेका संपला", "मुदत संपली" हे बेकारी भत्त्यासाठी कपातच समजले पाहिजे. चालू असलेला उपचार, मग तो डायलिसिसचा असो, कर्करोगाचा असो की बाळंतपणाचा, नोकरी गेल्याच्या कारणाने मध्येच तोडता कामा नये. रेल्वे व टपाल खात्याने वर्गणीची पावती पाहिल्याशिवाय ठेकेदाराचे बिल पास करू नये, आणि ठेका बदलताना जुनी माणसे जुन्याच विमा क्रमांकांसह पुढे घ्यावीत. ग्रामीण डाक सेवकाला कुटुंबासह कायम वैद्यकीय संरक्षण द्यावे.

या मागण्यांचा ठराव प्रत्येक शाखेने करावा आणि महासंघाकडे पाठवावा. केवळ कायम सभासदांच्या सह्यांचा ठराव नको. पिट लाइनवरच्या, पार्सल ऑफिसमधल्या, टपालाच्या थैल्या उचलणाऱ्या हातांच्या सह्या आणि अंगठे त्यावर असले पाहिजेत. वर्गणी त्यांनी भरली आहे, तेव्हा मागणीही त्यांच्याच तोंडून गेली पाहिजे. आपण फक्त त्यांच्या बाजूने उभे राहायचे आहे, आणि तेवढे केले तरी पुष्कळ झाले.

कामगार एकजुटीचा विजय असो!